हेल्मीच्या नावे कुलूप

मूल जन्मलं तर नाव ठेवायला महिनाभर सवड असते.
फाइलला एक क्षणही बिननावी राहता येत नाही.
नाव, क्रमांक, वर्ष, कोणी तयार केली,
कोणी फक्त वाचावी, कोणी हातही लावू नये,
आणि किती वर्षं जपायची: सात, पंचवीस, की कायम.
'कायम' यादीत सगळ्यात खाली आहे,
माउसचं चाक बरंच फिरवावं लागतं.

हे मला हेल्मी तुइस्कने शिकवलं,
कॅर्दलाच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
लोकरी मोजे घातलेले पाय हीटरला टेकवून.
म्हणायची, कागद जळतो, भिजतो, उंदरांच्या पोटात जातो.
इथे तसलं काही नाही.
इथे माणसं नुसती सेव्ह करायला विसरतात.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी
तिने एक फाइल संपादनासाठी घेतली:
हिवाळी रस्ता, बर्फाची जाडी, रोजच्या नोंदी.
समुद्र पुरेसा गोठला की आमच्या बेटावरून
पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गाड्या जातात,
पाण्याच्या पाठीवरून, दोन्ही बाजूंना खोवलेल्या
जुनिपरच्या फांद्यांमधून.
बर्फावरची रेघ ती.
पाण्यावरची म्हणावी की काळ्या दगडावरची,
हे रोज सकाळी गिरमिटाने भोक पाडून ठरतं.

मंगळवारी ती आली नाही.
शनिवारी आम्ही काळे कोट घालून
कुदळीला दाद न देणाऱ्या जमिनीपाशी उभे होतो.

आणि पडद्यावर:
'हा दस्तऐवज हेल्मी तुइस्क संपादित करत आहेत.'
चालू वर्तमानकाळ.
यंत्राला दुसरा काळ कोणी शिकवलेला नाही.

ऊर्मास बर्फ मोजून फोन करायचा,
आजचे सत्तावीस, कुठे लिहू?
मी म्हणायचो, तूर्तास तुझ्याकडेच ठेव.
तो दुधाच्या पावतीच्या पाठीवर लिहायचा.
कुलूप तोडायचा अधिकार माझा. एक बटण.
पण त्याखाली बारीक अक्षरात होतं,
'त्यांनी जतन न केलेले बदल नष्ट होतील.'
सोमवारी दुपारी तिने काय टाइप केलं होतं?
एक आकडा? अर्धा आकडा?
जन्मभर दुसऱ्यांच्या मागे लागलेली बाई
त्या दिवशी नुसती घरी जाऊन पडते म्हणाली होती,
उद्या बघते, म्हणाली होती.
मी नऊ दिवस कर्सर त्या बटणावर नेला
आणि चहा करायला उठलो.

दहाव्या दिवशी ऊर्मासच्या गाडीतून पलीकडे निघालो.
बर्फाला टायर लागायच्या आधी त्याने गाडी थांबवली,
स्वतःचा पट्टा सोडला, माझ्याकडे बघत राहिला.
विसरलोच होतो. तिथला नियम आहे तो.
इतर रस्त्यांवर पट्टा बांधला तर जीव वाचतो,
इथे बांधला तर गाडीबरोबर खाली जातो.
खटका दाबला. पट्टा सरसरत खांद्यावरून निघून गेला.
खाली कुठेतरी बर्फ कण्हल्यासारखं वाजलं.
जाड असलं की वाजतं, ऊर्मास म्हणाला,
गप्प झालं तर घाबर.

परत आल्यावर कोट न काढताच बटण दाबलं.
काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही.
फाइल उघडली, आवृत्ती एकेचाळीस,
रविवारपर्यंत भरलेली. सोमवार कोरा.

ऊर्मासला विचारलं. तो म्हणाला, चोवीस.
फोनवर सांगितले होते तिला, आणि ती म्हणाली होती,
चोवीस ना, नक्की? चौतीस नाही ना?
मी चोवीस लिहिले.
'नोंद करणार' या रकान्यात माझंच नाव येतं, बदलता येत नाही.
म्हणून शेऱ्यात घातलं: आकडा हेल्मीने ऐकलेला.
मग दुधाच्या पावत्या मागवल्या, एकेक चढवली.

एप्रिलात रस्ता उरणार नाही.
फाइलपुढे जतनाचा काळ तिनेच निवडून ठेवला आहे,
चाक पार तळापर्यंत फिरवून.
आवृत्ती एक ते एकेचाळीस तिच्या नावावर आहेत,
त्यांना आता कोणी हात लावू शकत नाही.
मीही नाही. करून पाहिलं.